काच, चार बोटं

पहिल्या शाळेत गालिचा नवा होता.
त्याचा वास दारातच आडवा आला
आणि जोरी आल्या पावली वळला,
गाडीत जाऊन बसला, पट्टा लावून, डोळे मिटून.
मुख्याध्यापक म्हणाले, "पुढच्या वेळी बघू."
मी मान हलवली. मान हलवण्यात मी आता तरबेज आहे.

दुसरीत घोडे होते, तळं होतं,
माहितीपत्रकात हसरी मुलं,
सगळी एकाच कॅमेऱ्याकडे बघणारी.
मी स्वच्छतागृहात गेले आणि
हात वाळवायचं यंत्र मुद्दाम सुरू केलं.
कानाशी विमान उडावं तसा आवाज.
बाहेर येऊन म्हटलं, छान आहेत हो घोडे.

तिसरीने पत्रानेच कळवलं:
आपल्या मुलाच्या गरजा आम्ही पुरवू शकत नाही.
गरजा! जणू तो सोन्याच्या ताटात जेवायला मागतो.
त्याला हवं असतं एवढंच,
उद्या काय होणार ते आज सांगा
आणि सांगितलंय तेच होऊ द्या.

सात महिने झाले, त्याने उंबरठा ओलांडला तो फक्त या फेऱ्यांसाठी.
न्यूलिनच्या धक्क्यावर पहाटे मी मासळीच्या पेट्यांत बर्फ भरते.
घरी येते तेव्हा तो जिन्याच्या सातव्या पायरीवर,
मांडीवर भरती-ओहोटीचं कोष्टक.
"आज पाच बावीस," म्हणतो.
आमच्याकडे सकाळ अशी होते.
समुद्रावर त्याचा भरवसा आहे:
रोज उशिरा येतो, पण किती उशिरा ते आधी सांगून.
माणसांचं त्याला कळत नाही.
खरं तर मलाही.

कौन्सिलच्या मिसेस ट्रेगेंझा म्हणाल्या,
समितीची बैठक महिनाअखेरीस.
कुठल्या महिन्याच्या, ते नाही म्हणाल्या.
माझ्या फायलीत एकशे चाळीस कागद.
एकावरही लिहिलेलं नाही की
मी बर्फातून आले की हा न बोलता
गरम पाण्याची पिशवी माझ्या पायाशी सरकवतो.

चौथी शाळा डार्टमूरच्या पलीकडे.
जोरी गाडीतून उतरलाच नाही.
मी माफी मागायला तोंड उघडलं
इतक्यात एक बाई आली,
चिखलाने माखलेले बूट, हातात सायकलचं चाक.
गाडीपासून दहा पावलांवर, आमच्याकडे पाठ करून
पायरीवर बसली आणि पंक्चर काढू लागली.
ना नाव विचारलं, ना हात पुढे केला.
चाळीस मिनिटं.
समोरच्या मेंढ्या चरत चरत
शेताच्या या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत गेल्या.
मग काच उतरल्याचा आवाज. चार बोटं.
"रात्री दिवे कोण बंद करतं?"
"ज्याची खोली, तो." तिने मागे वळून पाहिलं नाही.
"आणि आवाज झाला तर?"
"होतो कधी कधी. नाही होणार असं कसं सांगू?"
काच वर गेली.

परतताना बराच वेळ मी गिअरच चुकीचा टाकत होते.
कुणाला सांगितलं नाही, इथे सांगते:
प्रत्येक शाळेत मी खोट हुडकत होते,
आणि खोट सापडली की आत कुठेतरी
सुटल्यासारखं वाटायचं.
शोधते आहे, तोवर तो घरी आहे.
इथे मला काही सापडलं नाही.
वास नाही, यंत्र नाही. जुने टॉवेल, खुंटीला टांगलेले.

"तिथे समुद्र नाही," मागून जोरी म्हणाला.
"नाही."
मग एक अख्खं गाव मागे पडलं.
"तू फोनवर सांगायचं. न्यूलिनचं. रोज."
"सांगेन."
"आणि जिना आहे. खिडकीतून दिसत होता. पायऱ्या किती?"

मी मोजल्या नव्हत्या.
एकशे चाळीस कागद घेऊन गेले होते मी,
आणि पायऱ्या मोजल्या नव्हत्या.
उद्या नऊ वाजता फोन करायचा आहे.