तीन मिनिटं

नाव लेस्टर ग्राबोव्स्की. टलीडो, ओहायो.
टोइंगचा ट्रक चालवतो, एकोणीस वर्षं झाली.
तुमचा पाठलाग जिथं संपतो
तिथं माझा दिवस सुरू होतो,
बहुतेक वेळा रात्रीच.

मसुदा वाचला मी. ट्रकमध्ये बसून, दोनदा.
कलम चार : कुणाच्या जिवावर बेतलं असेल
तरच पाठलाग.
फुटक्या दिव्यासाठी, संपलेल्या विम्यासाठी,
चोरीच्या गाडीसाठीसुद्धा नाही.
कलम सहा : कंट्रोल रूमनं 'सोडा' म्हटलं की सोडायचं.

'सोडा'. कागदावर दोन अक्षरं.
ताशी नव्वद मैलांवर
उजव्या पायाला ती ऐकू येत नाहीत.
हे पोलिसांच्या पायाबद्दल बोलतोय असं समजू नका.
माझ्या हुकाला
दोघांच्याही गाड्या सारख्याच लटकतात.

मार्चमधला हॉफमन चौक.
पाठलाग चालला दोन मिनिटं चाळीस सेकंद,
रिपोर्टमध्ये आहे.
म्हणजे तुम्ही मला दिलेल्या वेळेपेक्षा
वीस सेकंद कमीच.
पोरगा सोळाचा. नंबर प्लेटवरचा दिवा गेलेला, बस.
का पळालास, तर म्हणे, मागे दिवे लागले म्हणून.
दिवे का लावून धावलात, तर म्हणे, तो पळाला म्हणून.

दोघंही चालत बाहेर आले.
मी उचलली ती तिसरी गाडी.
बदामी ब्युइक, व्हर्ना टिलटसन यांची.
हॉस्पिटलच्या लाँड्रीतली रात्रपाळी संपवून
हिरव्या सिग्नलवर, हो, हिरव्या,
घरी निघालेल्या.
मागच्या सीटवर अंड्यांचा ट्रे होता. तीस अंडी.
अकरा शाबूत.
गाडी यार्डात लावली, काच झाडली,
आणि ट्रे हातात घेऊन उभा राहिलो.
फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.
ती अकरा अंडी कुणाला द्यायची होती
हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आता हे मी लिहून आणलं नव्हतं.
अठ्ठ्याऐंशी साली मी सतरा वर्षांचा होतो.
भावाची कॅमॅरो, पोटात दोन बिअर,
मागे डेप्युटी ऑस्ट्रँडर.
नदीवरच्या पुलापाशी आरशातले त्याचे दिवे
एकदम विझले.
जिंकलो, असं ओरडलो मी. एकटाच.
मग पाच मैल गेलो,
कुणीही मागे नसताना
प्रत्येक लाल सिग्नलला थांबत.

पळणाऱ्याला एक वाट, शोधणाऱ्याला बारा.
त्यातली सगळ्यात जवळची
आमच्या स्वयंपाकघरात येत होती.
सकाळी उठलो तर तो टेबलाशी बसलेला,
आईच्या हातची कॉफी पीत.
म्हणाला, "बूट घाल. घाई नाही."
अकरा दिवस कोठडी, वर्षभर लायसन नाही.
आई मरेपर्यंत
नाताळला त्याला कार्ड पाठवायची.

इथंच थांबलो असतो तर बरं दिसलं असतं.
पण माझ्यामागे तिसऱ्या रांगेत
रमोना किलेस बसल्यात.
जूनमध्ये एका गाडीचोराला
अशाच नियमानं जाऊ दिलं.
चार तासांनी त्यानं पेट्रोल पंपावर
त्यांच्या भावाला चिरडलं.
त्या माझ्यानंतर बोलणार आहेत, विरोधात.
ऐका त्यांचं.
माझ्याकडे त्यांना द्यायला उत्तर नाही.
ती गाडीही मीच उचलली होती.

एवढंच म्हणतो, की मोजताना
विझवलेल्या दिव्यांचीही मोजदाद ठेवा.
जे घडलं नाही त्याचा रिपोर्ट होत नाही,
त्याला टोइंग लागत नाही,
तो इथं उभा राहतो तेव्हा
त्याचं वय पंचावन्नच्या पुढे गेलेलं असतं आणि

घंटी झाली का?
हो, ऐकली.
एक वाक्य राहिलं होतं.
राहू दे.
सोडतो.