काट्याखालचं पुस्तक

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात, आमच्या गाळ्यावर,
वजनकाट्याचा एक पाय आखूड होता.
त्याखाली वर्षानुवर्षं एक पुस्तक,
पुठ्ठा गेलेलं,
पहिली सतरा पानं आणि शेवट नसलेलं.
नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.
आम्हाला फक्त त्याची जाडी माहीत,
पायाला पुरेल एवढी.

बंदच्या तिसऱ्या दिवशी
आमचा तोलार, सर्जेराव चिकणे,
त्यानं ते ओढून काढलं,
जागेवर फरशीचा तुकडा सारला
आणि रिकाम्या बारदानावर बसून वाचू लागला,
बोट ओळीखालून सरकवत,
जसं काट्यावरचे आकडे वाचतो.

मी पट्ट्या लिहिणारा : अडत, हमाली, तोलाई,
वजा जाता शिल्लक.
म्हटलं, काय आहे रे त्यात?
म्हणाला, "एक न्यायाधीश आहे.
तरुणपणी निवाडा चुकलाय त्याचा, चुकलाय म्हणजे
चुकवलाय.
आता म्हातारा झालाय, आणि त्या माणसाचं घर
हुडकत फिरतोय गावोगाव."
"मग? सापडतं?"
"पानं नाहीत पुढची."

त्यात एका पानावर एक वाक्य आहे.
ते मी इथे लिहीत नाही.
एकटं काढलं की ते
सहकारी बँकेच्या कॅलेंडरावरच्या सुविचारासारखं दिसतं.
आधीची तीनशे पानं चालून आलं
तरच ते अंगावर येतं.
त्याच्या शेजारी कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय : खोटं.
आणि खाली, बॉलपेननं,
'ख' ची गाठ तीच, पण हात कापणारा :
खोटं नाही.

किती वर्षं गेली असतील
त्या दोन शब्दांच्या मधे?

पुढच्या रविवारी सर्जेराव ओतूरला गेला.
का, ते सांगितलं नाही. पण मला आठवलं :
एक्क्याण्णव साल, शेठची नजर,
काट्याच्या कडेला टेकलेला सर्जेरावचा अंगठा,
आणि समोर टोपी हातात धरून उभा एक माणूस.
पट्टी मीच लिहिली होती.
आकडे सरळ रेषेत, खाडाखोड नाही.

सोमवारी पहाटे तो आला, डोक्याला फडकं बांधलं.
"भेटला?"
"वारला तो. पोरगा होता.
मी कोण ते विचारलंच नाही त्यानं.
पाव्हणं समजून जेवू घातलं."
थोडा वेळ गप्प.
"मेथीची भाजी होती," म्हणाला,
आणि पहिलं पोतं काट्यावर घेतलं.

पुस्तक आता माझ्या टेबलाच्या खणात असतं,
पट्टीबुकांच्या खाली.
दुपारी पंखा गरगरतो, बाहेर टेम्पो मागे घेताना कुणी ओरडतं,
तेव्हा दोन-चार पानं वाचतो.
ते पान अजून लांब आहे.
खुणेला मी तिथे
एक कोरी पट्टी घालून ठेवली आहे.