तक्त्याची मागची बाजू

चोपड्याच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत,
फॉर्मॅलिनच्या बरण्यांवर
एक तक्ता टांगलेला असायचा :
आठ गर्भ, शेजारी शेजारी.
मासा, सॅलॅमँडर, कासव, कोंबडी,
डुक्कर, गाय, ससा,
आणि अगदी उजवीकडे, अर्थात, आपण.
वरच्या ओळीत सगळे सारखे,
एकाच छापखान्यातले स्वल्पविराम.

भंगाळे मॅडम पहिल्याच तासाला म्हणाल्या,
हे खोटं आहे.
म्हणजे अगदीच नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी
एका जर्मन माणसाला सारखेपणा इतका आवडला
की जिथे कमी पडला तिथे त्याने तो पेन्सिलीने घातला.

मग फळ्यावर त्यांनी डोंगर काढला.
उतारावर घळी, घळींना फाटे, माथ्यावर एक गोटी.
गोटी म्हणजे पेशी. घरंगळत ती कुठल्या घळीत शिरते
त्यावर ठरतं, कातडी की काळीज.
मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, मॅडम, हा तर सातपुडा.
त्या म्हणाल्या, ये मग, खाली तापी काढ.

अंडी हिरामण कोळी आणायचा, आमचा लॅब अटेंडंट.
लाकडी पेटीत, बल्बच्या उबेत ठेवायचा,
दुसऱ्या दिवशी संध्याकाळी
कात्रीच्या टोकाने कवचाला नखाएवढी खिडकी पाडायचा.
आत लाल धागा.
धाग्यात काहीतरी एकदा हललं.
थांबलं.
परत हललं.
आम्ही बारा जण होतो. पंखासुद्धा बंद केला होता कुणीतरी.
चोच अजून नाही, डोळ्यांचा नुसता बेत,
आणि हे आधीच कामाला लागलेलं.

पाठीवर ठोकळे उमटतात, दर दीड तासाला एक जोडी.
आत घड्याळ असणार, मॅडम सांगायच्या,
आणि मागे मागे सरकणारी एक लाट,
असं कुणीतरी आधी नुसतं कागदावर मांडलं होतं.
वीसेक वर्षांनी घड्याळ सापडलं. पेशीत. चालू.

आमच्याकडे तेव्हा भारनियमन.
बल्ब विझायचा, बाहेर मे महिना, पंचेचाळीस,
केळीची पानं दुपारी मिटून उभी.
हिरामण पेटीवर ओलं गोणपाट टाकायचा
आणि सगळे गेल्यावर काहीतरी लिहायचा.
कशावर, ते आम्ही विचारलं नाही.

यंदा गेलो तेव्हा प्रयोगशाळेत प्रोजेक्टर लागला होता.
तक्ता जिन्याखाली, रद्दीत.
मी आता समीकरणातून पट्टे उमटवतो पडद्यावर,
झेब्य्राचे, माशांचे;
खऱ्या अंड्याला हात लावून सोळा वर्षं झाली.
धूळ झटकावी म्हणून तक्ता उलटा केला.

मागे बॉलपेन. तारखा. सत्तावीस उन्हाळे.
११ मे. लाइट ५ तास गई. पेटी ४२. अंडी ९. चांगली २.
१२ मे. पेटी ३४. अंडी ९. चांगली ३.
१९ मे. रातभर लाइट नही. अंडी ८. चांगली २.
आणि त्या दोनासमोर, वेगळ्या शाईत,
दोनदा अधोरेखित केलेलं : कशी?

मी तिथेच जिन्यावर बसलो.
त्या एका शब्दावर माझा पगार चालतो.
पेटी तापो की निवो, गोटी भलतीकडे ढकलली जावो,
घळ तिला परत ओढून घेते, कशी?
माझ्या चाळीस पानांत हे आहे,
फक्त इतकं थोडक्यात नाही.

हिरामणला फोन लावला. ऐकू कमी येतं आता त्याला.
दोनदा विचारल्यावर हसला.
"त्याले म्हाइत शे, कथा जावानं शे."
मी ते वहीत उतरवून घेत होतो,
खूश होऊन, अगदी त्या जर्मनासारखा,
तेवढ्यात पलीकडून, खोकल्याच्या मधून :
"पन बाकीना सात मरनात ना.
त्या बी लिख."