दुभाषी, वुल्व्हरहॅम्प्टन

मध्यस्थीच्या खोलीत गोल टेबल, टिश्यूचा खोका,
आणि टिपणीस बंधू. वामनराव, पद्माकर.
दोघांची जोडघरं, मधली भिंत एकच.
तंटा मागच्या कुंपणाचा: नऊ फुटी झाडी,
पद्माकरांच्या टोमॅटोवर दुपारी दोनलाच सावली.

वामनरावांचं इंग्रजी अर्धांगाबरोबर गेलं.
मराठी उरलं, तेही बरंचसं भांडणापुरतं.
म्हणून मी. तासाला अठ्ठावीस पौंड, बसभाडं वेगळं.

‘आमच्यातून विस्तव जात नाही,’ ते म्हणाले.
मी इंग्रजीत सांगितलं, संबंध ताणलेले आहेत.
किती कोमट झालं ते!
शेजारच्या चुलीतून खापरीवर निखारा आणायचा,
आणि ज्या दोन दारांत तेवढंही चालत नाही,
हे मिसेस ऑल्डरिजना कुठून सांगू?
त्यांच्याकडे विस्तव बटणात असतो.

‘विळ्याभोपळ्याचं सख्य.’ मी नुसतीच भाजी चिरली.
‘हाडवैरी.’ ‘दायाद.’ ‘याच्या तोंडाला तोंड कोण देणार.’
माझ्याकडून पलीकडे पोचायचा
एकच धुतलेला, इस्त्री केलेला शब्द: मतभेद.

मग छत्तीसचा आकडा.
बाईंनी तो त्यांच्या अंकांत लिहून घेतला,
विचारलं, ‘छत्तीस काय? इंच?’
मी पेन मागून घेतलं, मोठा काढून दाखवला.
३६. पाठीला पाठ.
बाई चष्मा सरकवून बघत राहिल्या.
‘झोपलेत का हे दोघं?’

हे सांगावं की नाही, कळेना.
सांगितलं.

पद्माकर टेबलाच्या कडेशी बोलल्यासारखे म्हणाले,
‘त्रेसष्टचा हिवाळा. मिसेस प्रॉसरचा पोटमाळा.
एक पलंग. मीटरमध्ये टाकायला शिलिंग नसायचं.’
वामनरावांनी जिभेखालून शब्द ओढून काढला:
‘गोधडी... हा ओढायचा.’
‘तू ओढायचास.’
‘हा!’
‘तू, लेका, तू!’

‘काय म्हणतायत?’ बाई.
‘वाद चालू आहे,’ मी म्हटलं.

झाडीचं काही ठरलं नाही. पुढची तारीख सोळा.

परतीच्या बसमध्ये काचेवरच्या वाफेत
बोटानं छत्तीस काढून बघितला.
फुटपाथवरून वाचणाऱ्याला उलटा दिसेल म्हटलं,
तर नाही. तीन सहा होतो, सहा तीन होतो,
जागाही बदलतात,
आणि राहतो छत्तीसच.
कुठल्याही बाजूनं बघा.