चोवीस किलो

वहीत अजून तुझं नाव आहे:
स्मरांदा कोजानू, एक रॅकेट, चोवीस किलो, दीडशे रुपये जमा.
पंच कुडची मास्तरांनी माईकवर वाचलं ‘स्मरणदा’,
आणि कॅम्पातल्या क्लबाच्या पत्र्याखाली बसलेले
आम्ही चाळीसेक जण हसलो.
तूही हसलीस, न कळता.

मी वडगावचा. घरात चार पिढ्या माग.
आजोबांनी नऊवारी विणली, बापानं सहावारी,
माझ्या हाती आली आतड्याची तार.
उभी, आडवी, एक वरून, एक खालून.
काम तेच,
फक्त नेसायला कुणी नाही.

तू एकोणीस वर्षांची. खांद्याला चिकटपट्टी,
पिशवीत गावाकडचा वाळका पाव, आणि आमच्या पाण्याची भीती.
दुसऱ्या फेरीत, पहिला सेट गेल्यावर,
तुझा एक चेंडू पडला रेषेला लागून.
आत, म्हणाले मास्तर.
अलीकडे की पलीकडे
हे आमच्या गावात उगाच विचारू नये,
त्यावर इथं मोर्चे निघतात, पाट्यांना डांबर लागतं.
पण तू चालत पलीकडे गेलीस,
तांबड्या मुरमावरच्या खुणेभोवती
रॅकेटच्या टोकानं गोल काढलास
आणि गप्प उभी राहिलीस.
मास्तर खुर्चीवरून उतरले, वाकले, चष्मा पुसला,
कानडीत काहीतरी पुटपुटले
आणि बोट वर केलं.
बाहेर. तुझाच चेंडू.
सगळ्यांचं एकमत झालेली रेषा मी तेवढी एकच पाहिली.

हरलीस. पुण्याची गाडी पाचची.
तुझी तिसरी रॅकेट माझ्या पकडीत,
सोळा उभ्या झालेल्या, आडव्या राहिलेल्या.
आडव्या भरल्या, सायकल काढली,
तिसरं रेल्वे गेट बंद होतं.
डबे मोजत उभा राहिलो. चौदा.

मग तू पेपरात. खेळाच्या पानाच्या तळाशी,
मुंगीएवढ्या टायपात.
एकशे ऐंशी. एकशे बारा. एकदाच एकसष्ट.
पॅरिसला तिसऱ्या फेरीत गेलीस तेव्हा
केबलवर तुझा सामना दाखवलाच नाही,
खालच्या पट्टीतून नुसता स्कोअर सरकत गेला.
मी पट्टीलाच टाळ्या वाजवल्या.
मध्ये चार वर्षं तुझ्या नावाला जोडरेघ आली, पुढे आणखी एक आडनाव.
मग रेघ गेली.
त्याबद्दल मी काही विचारत नाही.
खांदा दोनदा कापला. दोनशे दहा. चारशे.
मग आकडाच नाही.

तार न खेळताही सैल होते, स्मरणदा.
भिंतीला टांगलेल्या रॅकेटचा ताण
आपोआप उतरतो, कुणी मारत नसतानाही.
म्हणून दर दोन वर्षांनी जुनी काढून नवी भरली.
बायको म्हणायची, “अजून तेच विणालाय व्हय?
ती येणार हाय काय?”
ती येणार नाही हे मलाही ठाऊक.
पैसे घेतलेत, एवढंच.

काल भाच्यानं मोबाईलवर दाखवलं:
तू निवृत्त. दोन वाक्यं, एक फोटो.
बाकावर बसलीस, खांद्यावर बर्फाची पिशवी,
पायाशी दहाबारा पोरं, डॅन्यूबकाठचं कुठलंसं मैदान.
बातमीत बेळगाव नाही. असायला कशाला हवं?
इथं तू दोन सामने खेळलीस.

रात्री रॅकेट उतरवली.
तार कापायची तर मधून सुरुवात करावी लागते,
कडेनं कापली की चौकट वाकडी होते.
मधून कापली.
रिकाम्या चौकटीतून समोरच्या घरातला बंद पडलेला लूम दिसला,
त्यावर वाळत घातलेले टॉवेल.

वही काढली. चोवीसवर काट मारली,
अठरा लिहिलं.
दुखऱ्या खांद्याला तेवढं पुरे.

सोळा उभ्या झाल्यात.
आडव्या उद्या सकाळी,
दिव्यात मला आता वरची कुठली, खालची कुठली कळत नाही.