पावणेचार

डबा बिस्किटांचा. झाकणावरची बाई
अर्धी गंजलीय, उरलेली अजून हसते.
महिन्याच्या शेवटच्या रविवारी
फोंड्याच्या वरच्या बाजारात, घनःश्यामच्या झेरॉक्सच्या दुकानामागे
आम्ही नऊ जण जमतो,
चिठ्ठ्या टाकतो, एक काढतो.
मग महिनाभर सगळ्यांनी त्या एकाच शब्दामागे
कॅमेरा घेऊन फिरायचं.
डबा माझ्याकडे असतो.
बांधकाम खात्यात एकतीस वर्षं टेंडरं उघडली
म्हणून माझे हात स्वच्छ, असा यांचा समज.

नियम थोडेच.
सूर्यास्त नाही.
समुद्र नाही. हा लादिस्लावचा हट्ट,
आणि तो स्वतः बेतूलचा, लाटांच्या आवाजात जेवलेला.
पांढरं चर्च नाही, देवळाची दीपमाळ नाही.
सायकलवरचा पोदेर तर तीन वर्षं बंद:
एकदा नऊपैकी सहा फोटोंत तोच निघाला,
त्याच वळणावर, तोच पाय पेडलवर,
आणि शेवटी वैतागून म्हणाला होता,
"पाव तरी घ्या."

मग उरलं काय?
जे उरलं ते उपसतोय.
मार्चमध्ये 'लाल' निघाला, तेव्हा पुंडलीक वेळीपनं
सांग्याकडच्या रस्त्यावरचं एक मांजर आणलं फोटोत.
पांढरं होतं, म्हणाला, धुतल्यावर कळलं.
जुलैत 'ओल'.
त्या महिन्यात तिघांच्या लेन्सलाच बुरशी धरली
आणि नसीमानं बुरशीतूनच फोटो काढला;
कशाचा ते अजून ठरलेलं नाही.

शब्द निवडणं सोपं वाटतं.
'आयुष्य' निघालं
की सगळे म्हाताऱ्यांचे हात घेऊन येतात.
'बटण' निघालं की बटण.
मधला कुठला तरी हवा,
ज्याचं एक टोक चौकटीबाहेर लोंबतं.

एर्मेलिंदाबाईंची चिठ्ठी दर महिन्याला तीच.
निळी शाई, शाळेत गिरवलेलं अक्षर,
चार घड्या.
मला ओळखू यायची. बोललो नाही.
दोन वर्षं ती तळाशीच राहिली.
सप्टेंबरात निघाली:
'पावणेचार'.

पहाटेचे की दुपारचे? घनःश्यामनं विचारलं.
त्या म्हणाल्या, "तुमकां जाय तें."

त्या महिन्यात कुणीच कुणाला काही विचारलं नाही.
रविवारी टेबलावर फोटो आले.
अर्धं ओढलेलं शटर, खाली झोपलेल्या दुकानदाराचे तळवे.
रात्रपाळीच्या खोलीतला सायीचा चहा,
नसीमाचे बूट शेजारच्या खुर्चीवर.
पुंडलीकच्या घरी दिवा न लावता शोधलेली बाळाची बाटली,
सगळी हललेली, तरी बाटलीच.
घनःश्यामनं आपल्याच बंद दुकानातला
मशीनचा हिरवा ठिपका आणला, पहाटेचा;
झोप येत नाही हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं.
माझ्यात फक्त चष्मा,
तिसऱ्यांदा वाचून झालेल्या पेपरवर.

एर्मेलिंदाबाई भिंग घेऊन बसल्या.
एकेका फोटोवर इतका वेळ
की पंख्यानं बाकीचे उडायला लागले
आणि लादिस्लावनं त्यांच्यावर किल्ल्या ठेवल्या.
तुमचा कुठाय, मी विचारलं.
"माझा कशाला?
माझे पावणेचार मला पाठ आहेत.
बाकीच्या घरांत तेव्हा काय असतं
तेवढं बघायचं होतं."
मग पिशवीतून दोदोल काढला,
वर्तमानपत्राच्या कागदावर, नऊ वड्या. स्वतःला धरून.

ऑक्टोबरला 'गाठ' निघाला. ठीकच शब्द आहे.
डबा आता घरी, माझ्या टेबलावर.
दुपारी पेपर बाजूला ठेवून झाकण काढतो
तर आत निळ्या शाईची चिठ्ठी, चारच घड्या,
पण या खेपेला अक्षरं जास्त आहेत,
कागदाच्या पाठीवर उमटलीत.
उघडता येईल. घरात कुणी नाही.
पण टेंडरं उघडणारा माणूस
मुदतीआधी बघत नाही.
झाकण लावतो.
बाई हसते, जेवढी उरलीय तेवढी.
घड्याळाकडे बघायची गरज नाही.