किमान अपेक्षा

तासगाव रोडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये
मी बेदाणा सांभाळतो, चार अंशांवर.
दर दोन तासांनी रजिस्टरात आकडा, खाली सही.
अर्धा अंश वर सरकला तरी मालकाचा फोन येतो.

आणि घरी, कुपवाडच्या खोलीत,
माझा प्रोसेसर ब्याण्णववर उकळतो.
त्याचं रजिस्टर कुणी ठेवत नाही.

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी घेतलेला हा पीसी.
पंखा आता सुरू होताना खाकरतो,
बोलण्याआधी म्हातारा माणूस खाकरतो तसा,
आणि बऱ्याचदा पुढं काही बोलतच नाही.

भरतेशने पुण्याहून नवा गेम सांगितला.
"रात्री अकराला ये. दोघं खेळू, पहिल्यासारखं."
मी गेमच्या किमान अपेक्षा वाचल्या.
स्थळाच्या कागदावर असतात तशाच:
सोळा जीबी रॅम, सहा कोअर,
कार्ड अमुक सालानंतरचंच.
पुण्यात फ्लॅट तेवढा लिहायचा राहिला होता.

हंगामातल्या जादा पाळ्यांचे साडेआठ हजार होते.
दीड आईच्या चष्म्याला गेले.
उरले सात.

मिरजेत इर्शाद मुजावरने कॅबिनेट उघडलं.
आत, तळापासून चार बोटांवर, एक मातकट रेघ.
महापुराच्या साली आम्ही गावभागात होतो,
पीसी पलंगावर ठेवून निघालो होतो,
आणि पाणीही पलंगापर्यंतच आलं होतं,
जरा वर.
इर्शादने रेघेवरून बोट फिरवलं,
विचारलं काहीच नाही.
मग ब्लोअर मारला. शेजारचा चहावाला ओरडला.
वाळून खडू झालेली पेस्ट खरवडली, नवी लावली,
चाळीस रुपयांत ब्याण्णवचे एकाहत्तर झाले.
मला वाटलं, झालं की मग, जाऊ घरी.

"कार्ड घेशील रे," तो म्हणाला,
"पण त्याला घास कोण भरवणार?
पॉवर सप्लाय बदल आधी.
दिसत नाहीत तिथंच पैसे घालायचे असतात, भावा."

मला तर दिसतील तिथंच घालायचे होते.
एकोणीसशेचा काळा डबा घेतला.
ना दिवा, ना रंग, नुसता जड.
जुन्या रॅमशेजारी दुसऱ्या कंपनीची रॅम बसली,
एका खोलीतल्या दोन भाडेकरूंसारख्या;
हळू चालणारीच्या चालीनं दोघी चालतात.
कार्ड मिळालं विश्रामबागच्या बंद पडलेल्या स्टुडिओतलं,
साडेतीन हजारांना.
सहा वर्षं लग्नांचे व्हिडिओ कापलेत त्यानं,
किती अक्षता, किती रडणाऱ्या नवऱ्या
त्यातून गेल्या असतील.
आता त्याला मी बंदुका दाखवणार.

घरी आणलं तर बोटभर लांब.
हार्ड डिस्कचा कप्पा हॅक्सॉनं कापला,
पत्र्याचा कीस फरशीवर, आई केरसुणी घेऊन उभी.
"पुढच्या वेळी मापं घे," म्हणाली,
ब्लाउजबद्दल म्हणते त्याच आवाजात.
कॅबिनेटचं दार काही बसलं नाही.
बेदाण्याच्या पंधरा किलोच्या बॉक्सचा पुठ्ठा
वाकवून हवेला वाट करून दिली.
पंखा फिरला की अजून गोडूस वास येतो.

अकराला बसलो.
सगळं कमीवर. गवत कमी, धूर कमी,
सावल्या पूर्ण बंद.
भर उन्हातली झाडं जमिनीला न टेकता उभी,
आणि त्यांच्यामधून मी, हलका, बिनसावलीचा.
पण अडकत नव्हता. खरंच अडकत नव्हता.

"भरत्या, माझ्याकडं तुझी सावली नाही दिसत."
हेडफोनमध्ये तो घोटभर काहीतरी प्यायला.
"माझ्याकडं तुझी पडलीय की," म्हणाला,
"लांबच्या लांब. पार भिंतीपर्यंत.
हल बघू जरा."

मी हललो.

सहाची पाळी होती. साडेतीनला झोपलो.
सकाळी रजिस्टरात चारच्या जागी
चुकून एकाहत्तर लिहिलं,
आणि खोडण्याआधी जरा वेळ बघत बसलो.